उजवीकडे काटा, डावीकडे सुरी

बुधवारी सकाळी घरातला फोन वाजला तेव्हा शिवणबाईंच्या तोंडात तीन टाचण्या होत्या. समोर क्लासच्या चार मुली कॉलर लावायला शिकत होत्या आणि त्यातल्या दोघींनी ती उलटी लावली होती. टाचण्या ओठांत धरून बोलायची कला बाईंना तीस वर्षांच्या सवयीनं साधली होती, पण फोनवर ते बरं दिसत नाही. त्यांनी टाचण्या मनगटावरच्या गादीत खोचल्या आणि रिसीव्हर उचलला.

"साहेब आहेत का?" पलीकडून मऊ, इस्त्री केल्यासारखा आवाज आला.

साहेब नव्हते. साहेबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. हे वाक्य बाईंनी इतक्या जणांना सांगितलं होतं की आता सांगताना रडूही येत नसे. पण त्यांनी तोंड उघडण्याआधीच पलीकडचा माणूस बोलून मोकळा झाला.

"नदीकाठच्या फ्रेंच हॉटेलातून बोलतोय. उद्या पहिला गुरुवार ना, टेबलाचं विचारायचं होतं. साहेब दर महिन्याला आदल्या दिवशी नऊच्या ठोक्याला स्वतः फोन करतात, एकदाही चुकलेले नाहीत. आज आला नाही, म्हणून म्हटलं आपणच विचारावं. नेहमीसारखंच ना? खिडकीजवळ, साडेबारा, दोघंजण?"

"दोघंजण?"

"हो मॅडम. दहा वर्षं दोघंच येतात."

कुठल्याही शहाण्या बाईनं इथं विचारलं असतं, की दुसरं कोण? शिवणबाईंना ते सुचलंच नाही. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हो. येतील दोघं."

फोन ठेवून त्यांनी उलट्या कॉलरी उसवून दिल्या, मुलींना लवकर घरी पाठवलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा नळ सोडून उभ्या राहिल्या. नळाखाली भांडं ठेवायचं राहिलंच होतं.

बाईंना बसलेला धक्का समजायचा तर आधी त्यांचे यजमान समजले पाहिजेत. ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होते. दुकानादुकानांत जायचं, काटे तपासायचे, खोटं माप सापडलं की जप्त करायचं, हे त्यांचं काम. गावानं त्यांचं नाव तराजूसाहेब ठेवलं होतं आणि ते घरातही तराजूसाहेबच होते. चहात साखर किती, साबणाची वडी किती दिवस पुरली पाहिजे, माणसानं किती मोठ्यांदा हसावं, सगळ्याला माप. बाहेर जेवायला जाणं म्हणजे त्यांच्या लेखी वेडेपणाचा कळस. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बाईंनी धीर करून विषय काढला, तर म्हणाले, "अगं, काट्याचमच्यानं जेवून पोट भरतं होय कुणाचं?" बाई तेव्हा हसल्या होत्या. आता ते हसणं आठवून त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

आणि पहिला गुरुवार! नोकरीत होते तोवर त्या दिवशी 'बाहेरगावची तपासणी' असायची, निवृत्त झाल्यावर 'खात्यातली जुनी मंडळी' भेटायला लागली. सकाळी गुळगुळीत दाढी, ठेवणीतला कोट, आणि चारच्या सुमारास परत. आल्यावर कोटाच्या खिशातून पातळ पांढऱ्या कागदात गुंडाळलेला, बोटभर लांबीचा बदामाचा केक काढून बाईंच्या हातावर ठेवायचे. "खात्यातल्या एकाची बायको करते. खा." एकच असायचा, कडेला किंचित करपलेला. बाई तो पुरवून खायच्या, अर्धा त्या दिवशी चहाबरोबर, अर्धा दुसऱ्या दिवशी.

खात्यातल्या कुणाच्या बायकोनं तो कधी केलाच नव्हता. नवरा दुसऱ्या कुणाबरोबर जेवून उरलेला तुकडा आपल्याला आणत होता, आणि आपण तो दोन दोन दिवस चवीनं खात होतो. बाईंनी नळ बंद केला. तोंडाला आलेला कडूपणा चूळ भरूनही जाईना.

दुपारी वन्सं आल्या. वन्सं म्हणजे तराजूसाहेबांची थोरली बहीण. मागच्याच गल्लीत राहायच्या, आणि बातमी त्यांना वासानं कळायची.

"बाई असणार," सगळं ऐकून घेऊन वन्संनी निकाल दिला. "माझा भाऊ म्हणून मी पांघरूण घालणार नाही हो."

"ते तसे नव्हते, वन्सं."

"मग दहा वर्षं कुणाला जेवू घालत होता? मला, सख्ख्या बहिणीला, त्यानं बाहेर कधी कपभर चहा पाजला नाही! आणि चष्मा? चष्म्याचं काय?"

चष्म्याचं खरंच होतं. शेवटच्या आठवड्यात तराजूसाहेबांचा चष्मा दिसेनासा झाला होता. 'हरवला' एवढंच म्हणाले आणि एका काडीच्या जुन्या चष्म्यानं पेपर वाचत राहिले. ज्या माणसानं जन्मात टाचणी हरवली नाही, त्याचा चष्मा हरवला होता.

"तिच्याकडेच राहिला असणार," वन्सं म्हणाल्या. "ते काही नाही. दोघंजण सांगितलेस ना? उद्या आपण दोघी जायचं. येऊ दे त्या भवानीला समोर."

वन्संच्या डोळ्यांत राग होता, भावाचं दुःखही होतं, पण त्या हॉटेलाचं दार एकदा आतून पाहायला मिळणार याचा आनंद काही त्यांना लपवता येत नव्हता. त्यांचा जावई बोटीवर वेटर होता, त्यामुळे आपल्याला तिथल्या रीतीभाती ठाऊक आहेत असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी त्यांनी बाईंची शिकवणीच घेतली. घरात काटा नव्हता म्हणून टाके उसवायचं हत्यार काटा झालं आणि कात्री सुरी झाली. "डावीकडे काटा, उजवीकडे सुरी. बाहेरून आत यायचं. आणि कोपरं टेबलावर नाही टेकायची, हसतील लोक." बाई समोर बसून मान हलवत होत्या. त्यांचं लक्ष कुठे होतं ते त्यांनाच ठाऊक.

त्या घरात एक नाव अकरा वर्षं घेतलं गेलं नव्हतं.

चिंगी, त्यांची एकुलती एक. लग्न आठ दिवसांवर आलेलं असताना "मला हे लग्न करायचं नाही" म्हणाली. बाप ऐकेना, आई गप्प बसली, तेव्हा एक बॅग घेऊन निघून गेली. तराजूसाहेबांनी मुलाकडच्यांना शब्द दिला होता, आणि शब्द म्हणजे शब्द. त्याच दिवशी त्यांनी जेवणाच्या टेबलाजवळची तिची खुर्ची माळ्यावर टाकली आणि बायकोला म्हणाले, "आजपासून पोरगी आपल्याला मेली. तिचं नाव घेतलंस, तिला शोधलंस, तर माझं मेलेलं तोंड पाहशील."

बाईंनी नाव घेतलं नाही, शोधलं नाही. पहिली दोन वर्षं पोस्टमनची सायकल वाजली की त्यांचं शिवणयंत्र थांबायचं. पत्र कधी आलं नाही. मग त्यांनी मनाशी धरलं, की पोरीनंच आपल्याला टाकलं, आणि टाकावं अशाच आपण वागलो. शपथ त्यांनी अकरा वर्षं पाळली. आणि तीन आठवड्यांपूर्वी, सकाळी, खुर्चीत मान कललेल्या नवऱ्याचं मेलेलं तोंड पाहिलंच. तेव्हा पहिला विचार आला तो पोरीला कळवायचा. पण कळवणार कुठे? पत्ता कुणाकडे होता?

गुरुवारी बारा वाजून पाच मिनिटांनी दोघी हॉटेलाच्या दारात उभ्या होत्या. दार इतकं जड होतं की वन्संनी खांदा लावला. आत एवढं शांत होतं की त्यांच्या नव्या चपलांची करकर पार कोपऱ्यातल्या टेबलापर्यंत ऐकू गेली. माणसं होती, जेवत होती, बोलतही होती, पण सगळं कसं कुजबुजत्या आवाजात. "कुणी आजारी आहे काय आत?" वन्संनी विचारलं.

दाराशीच एका उंच मेजामागे काळ्या कोटातले, पांढऱ्या मिशांचे मुख्य वेटर उभे होते. मेजावर लाकडी पेटी आणि पेटीत ओळीनं लावलेली कार्डं. फोनवरचा इस्त्रीचा आवाज यांचाच.

"साहेबांच्या घरून आलोय," बाई म्हणाल्या. "साहेब आज येणार नाहीत. आम्ही दोघी आहोत."

मिशीवाले क्षणभर घुटमळले, पण त्यांनी वाकून वाट दाखवली. खिडकीजवळ दोघांचं टेबल मांडून तयार होतं. एक खुर्ची दाराकडे तोंड करून. "ही साहेबांची," ते म्हणाले, आणि बाई तीत बसल्या. समोरच्या खुर्चीत वन्सं.

बाईंची बोटं आपोआप टेबलक्लॉथच्या कडेला गेली. हातशिलाईची दुमड, कोपरा तिरका कापून दाबलेला, एक टाका चुकलेला नाही. काम चांगलं होतं. नवऱ्यानं या कापडावर हात ठेवून कुणाशी तरी गप्पा मारल्या असतील. ती बोलकी असेल. तिला हे काटेचमचे येत असतील. तो तिच्यासमोर हसत असेल, माप न ठेवता. बाईंना वाटलं, आपण उगाच आलो, माणूस गेल्यावर त्याची झाकली मूठ उघडून काय मिळणार आहे?

"अगंबाई!" वन्सं एकदम म्हणाल्या. "हे उलटं मांडलंय की गं!"

"काय?"

"हे बघ. तुझ्याकडे बरोबर आहे. माझ्याकडे काटा उजवीकडे, सुरी डावीकडे." वन्संना आदल्या दिवशीची विद्या सार्थकी लागल्याचा कोण आनंद झाला होता. त्यांनी हात वर करून मिशीवाल्यांना बोलावलं. "अहो, इकडे या. एवढं मोठं तुमचं हॉटेल, आणि काटा कुठल्या हाताला ठेवायचा ते ठाऊक नाही?"

"चूक नाही मॅडम," मिशीवाले हळू आवाजात म्हणाले. "या खुर्चीचं आम्ही असंच मांडतो. ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी हळूच इकडचं तिकडे केलं होतं. ते मी पाहिलं आणि कार्डावर लिहून ठेवलं. इथली रीतच आहे तशी. पाहुण्याला जे एकदा हातानं करावं लागलं, ते दुसऱ्यांदा करावं लागू नये. थांबा, आणतो बदलून."

"कुठल्या ताई?" वन्संनी विचारलं.

"साहेबांबरोबर येतात त्या. डावखुऱ्या आहेत ना."

वन्संचं तोंड उघडंच राहिलं. बाई मात्र वन्संकडे पाहत नव्हत्या. त्या उजवीकडच्या काट्याकडे पाहत होत्या.

सहा वर्षांची चिंगी डाव्या हातानं घास घ्यायची आणि बाई तिच्या हातावर शिवणाची लाकडी पट्टी मारायच्या. "उजवा हात कुठे गेला?" रोज तेच, आणि रोज पोरीचं रडं. एके दिवशी तराजूसाहेबांनी ती पट्टी बाईंच्या हातातून काढून घेतली होती. "जेवू दे तिला. माप दोन्ही हातांनी सारखंच येतं." दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठून तरी डाव्या हाताची कात्री शोधून आणली, एवढीशी, लाल मुठीची. ती अजून बाईंच्या शिवणाच्या डब्यात होती.

"ते कार्ड दाखवाल?" बाईंनी विचारलं. स्वतःचा आवाज त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

मिशीवाल्यांनी कार्ड आणलं. वर साहेबांचं नाव. खाली बारीक अक्षरात, वेगवेगळ्या शाईंत: 'साहेब, अक्रोड नको. मेन्यू वाचायला खिडकीचा उजेड. ताई (मुलगी), डावखुऱ्या. काटा उजवीकडे, सुरी डावीकडे, सूपचा चमचाही डावीकडे. मासा काटे काढून द्यावा, लहानपणी घशात अडकला होता.'

तो काटा बाईंनी स्वतः काढला होता, पोरीला मांडीवर आडवी धरून.

पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते काय, हे बाईंना त्या गालिच्यावर बसून कळलं. सुटकेचा एक श्वास आला, की दुसरी बाई नव्हती, कुणी नव्हतं. आणि त्याच श्वासाच्या मागोमाग असा संताप आला की त्यांनी टेबलक्लॉथची कड मुठीत आवळली. सवत असती तर परवडली असती! सवतीनं नवरा नेला असता. यानं लेक नेली. बायकोला मेलेल्या तोंडाची शपथ घातली, आणि स्वतः दाढी करून, ठेवणीतला कोट घालून, दर महिन्याला पोरीसमोर बसून जेवत होता. एक नाही, दोन नाही, दहा वर्षं!

"साहेब आमच्या भटारखान्यातला वजनकाटा तपासायला आले होते," मिशीवाले सांगत होते. त्यांना वाटलं, हे ऐकून बरं वाटेल. "जाताना त्यांनी विचारलं, इथं गावातलं कोण कोण येतं? मी यादी सांगितली तर म्हणाले, 'छान. आमच्यापैकी इथं मेलं तरी कुणी यायचं नाही.' आणि टेबल ठरवून गेले."

"साहेब गेले," बाई म्हणाल्या. "तीन आठवडे झाले."

मिशीवाल्यांनी हातातल्या नॅपकिनची उगाच दुसऱ्यांदा घडी केली. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि बाईंनीही पाहिलं. बारा वाजून वीस मिनिटं.

"ताईंना...?"

"ठाऊक नाही."

"त्या बरोबर साडेबाराला येतात, मॅडम. साहेबांसारख्याच."

तोवर बाईंच्या डोक्यात हे शिरलंच नव्हतं. चिंगी येणार होती. दहा मिनिटांत, त्या जड दारातून, बापाला भेटायला. आणि बाप नाही हे तिला आईनं सांगायचं होतं, जिनं अकरा वर्षांत तिला साधं 'कशी आहेस' विचारलं नव्हतं. बाई अर्ध्या उठल्या. पळून जावं, मिशीवाल्यांनाच सांगायला सांगावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

वन्सं उठल्या. जन्मभर ज्यांना दुसऱ्याच्या घरातली कुजबुज चुकवता आली नव्हती, त्या स्वतःहून उठल्या. "मी तिकडे बसते. कोपऱ्यात," त्या म्हणाल्या, आणि जाताना वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. पावलं या वेळी त्यांनी हलकेच टाकली, चपला करकरल्या नाहीत.

"सूप मी जरा उशिरा आणतो," मिशीवाले म्हणाले.

साडेबाराला दार उघडलं. चौतिशीची एक बाई आत आली. केस आखूड, कानाजवळ पांढरे. बाईंनी ओळखलं ते हातावरून. दाराशी मिशीवाल्यांना मान हलवून ती पुढे येतच डाव्या हातानं पर्समध्ये काहीतरी शोधत होती. चष्म्याचं घर बाहेर आलं. तिनं हसत वर पाहिलं आणि टेबलापासून दोन पावलांवर थांबली.

"आई?"

बाईंनी मान हलवली. दहा मिनिटं घोकलेलं पहिलं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

"आई, तू?" आणि चिंगीचा चेहरा असा उजळला की बाईंना बघवेना. ती धपकन समोर बसली. "बाबांनी आणलं तुला? शेवटी ऐकलंस त्यांचं? मला म्हणाले होते, पुढच्या वेळी गंमत आहे म्हणून. मला वाटलं नेहमीसारखंच काहीतरी. कुठेत ते? हात धुवायला गेले?"

"चिंगे..."

"हा बघ त्यांचा चष्मा. गेल्या महिन्यात हट्टानं काढून घेतला मी. काच घासून निघाली होती पार. आमच्याच चष्म्यांच्या दुकानात मी स्वतः बसवलीय नवी, काडीही बदललीय. महिनाभर कसं वाचलं असेल त्यांनी? ओरडले असतील तुझ्यावर."

"चिंगे, चष्मा आता नको त्यांना."

चिंगी हसतच होती. मग हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि मागचं सगळं निघून गेलं. तिनं आईकडे पाहिलं, आई बसली होती त्या खुर्चीकडे पाहिलं, आणि चष्म्याचं घर दोन्ही हातांनी घट्ट मिटलं.

"कधी?"

"तीन आठवडे झाले. सकाळी. पेपर वाचता वाचता. त्रास नाही झाला काही."

"तीन आठवडे," चिंगी म्हणाली. "मी तिकडे माझ्या शहरात गल्लीगल्लीनं काच शोधत होते त्यांच्या नंबरची. आणि तू मला कळवलंसुद्धा नाहीस?"

"पत्ता नव्हता गं माझ्याकडे."

"मागितलास कधी? मी दर महिन्याला विचारायचे, आई येते का. दर महिन्याला बाबा मान खाली घालायचे. 'तिची तयारी नाही. ती म्हणते, पोरगी मला मेली.' दहा वर्षं मी हे ऐकलं, आई. सूप पिता पिता ऐकलं."

"मी?" बाई म्हणाल्या. "मी म्हटलं?" आणि मग त्या भल्यामोठ्या शांत खोलीत त्या ओरडल्या, "मी म्हटलं? हे मी म्हटलं?"

सगळे काटे हवेत थांबले. कुणाचा तरी चमचा खाली पडला. बाईंना कुणाची पर्वा उरली नव्हती. "ते त्यांचे शब्द आहेत! त्यांचे! माझं मेलेलं तोंड पाहशील म्हणाले मला. मी पोस्टमनच्या सायकलीकडे कान लावून बसायचे. एक ओळ नाही लिहिलीस तू!"

"लिहिली की! कितीतरी लिहिली. बाबांच्या ऑफिसच्या पत्त्यावर." चिंगीचा आवाज बारीक झाला. "घरी पाठवलीस तर आई न वाचता फाडते, म्हणाले."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. अकरा वर्षं ज्या भिंतीवर डोकं आपटलं ती भिंतच नव्हती. मध्ये एक माणूस उभा होता, आणि तो दोघींचा होता.

पोरीला टाकलं हे चुकलं, हे तराजूसाहेबांना वर्षाच्या आतच कळलं असणार. पण बायकोसमोर 'चुकलो' म्हणायचं तर दिलेला शब्द मागे घ्यावा लागला असता. तो त्यांनी घेतला नाही, सरळ बायकोच्या तोंडात घातला. गावभर खोटी मापं पकडत हिंडला माणूस, आणि सगळ्यात खोटं माप कोटाच्या आतल्या खिशात. या महिन्यात म्हणे 'गंमत' होती. कदाचित या वेळी खरंच सांगणार असतील. कदाचित नसतीलही, आणि आता ते विचारायचं कुणाला?

"मला त्यांचा फार राग आलाय," बाई म्हणाल्या.

"मलाही," चिंगी म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. बापासाठीच फुटलं. बाईंनी टेबलावरून हात पुढे केला. कोपर टेकलं, ग्लास कलंडला, मिशीवाल्यांनी तो न बोलता उचलला.

सूप आलं आणि थंड होऊन परत गेलं. लोण्यात परतलेला मासा आला. मिशीवाल्यांनी टेबलाशी उभं राहून त्याचे काटे एक एक करून काढले, आधी ताईंच्या बशीतले. दोघींनी दोन दोन घास खाल्ले. चव विचाराल तर बाईंना आजही सांगता येणार नाही. मधेच चिंगीनं कोपऱ्यात पाहिलं आणि विचारलं, "ती आत्या आहे?" आत्या नॅपकिनमध्ये तोंड लपवून रडत होती. तिचं सूप मात्र संपलेलं होतं.

शेवटी कॉफी आली. बरोबर एका छोट्या बशीत बोटभर लांबीचे दोन बदामाचे केक, कडेला किंचित करपलेले. एक तसाच, आणि दुसऱ्याखाली पातळ पांढऱ्या कागदाचा चौकोन.

"सवयीनं ठेवला," मिशीवाले ओशाळून म्हणाले. "नेतो कागद."

पण चिंगीचा डावा हात आधीच पुढे गेला होता. तिनं कागदाच्या दोन कडा उचलून केकवर दुमडल्या, तिसरी दुमडली, आणि मग एकदम थांबली.

बाई त्या पुडीकडे पाहत होत्या. तीच घडी. अशा शंभरेक पुड्या त्यांच्या हातांनी उघडल्या होत्या. "ते एकच आणायचे घरी," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तुमचं दोघांचं खाऊन उरलेला."

"उरलेला नाही. बाबा त्यांचा खायचे. हा माझा असायचा." चिंगीनं पुडी आईकडे सरकवली. "पहिल्या दिवशीच म्हटलं मी, हा आईला द्या. बाबा म्हणाले, देतो, पण कुणाचा ते सांगणार नाही. सांगितलं तर ती घ्यायची नाही. मग दर वेळी मी तेवढंच विचारायचे, गेल्या वेळचा खाल्ला का. ते म्हणायचे, खाल्ला. अर्धा त्या दिवशी, अर्धा दुसऱ्या दिवशी. तेवढंच एक खरं सांगायचे बहुतेक."

बाईंनी पुडी उघडली. लोण्याचा तो ओळखीचा वास आला. दहा वर्षं दर महिन्याला लेकीनं पाठवलेला घास त्या खात होत्या, आणि काल त्यावर चूळ भरली होती. सवयीनं त्यांनी केकचे मधोमध दोन तुकडे केले, अर्धा आज, अर्धा उद्या.

मग त्यांनी उद्याचा तुकडा उचलला आणि लेकीच्या डाव्या हातावर ठेवला.